गिरिजाबाईंची मधली खुर्ची

अणदूरच्या गिरिजाबाईंनी सत्तरीत पहिल्यांदा उघड भांडण काढलं, आणि तेही एका काचेवरून. त्याआधी त्या भांडल्या नव्हत्या असं नाही. पण ती सगळी भांडणं मनातल्या मनात झाली होती, आणि तिथं त्या दरवेळी जिंकल्या होत्या. या वेळी समोर पोटचा पोरगा होता.

विरेशचं भुसार मालाचं दुकान जोरात चाललेलं. हायवेच्या कडेला त्यानं नवा बंगला काढला. हल्ली आमच्या भागात बंगला म्हटलं की होम थिएटर आलंच. पूर्वी घर बांधताना कोठीची खोली कुठं येणार ते लोक आधी ठरवायचे, आता पडदा कुठल्या भिंतीला येणार ते ठरवतात. ईट गावात एकानं केलं, त्याचं बघून भूमला दोघांनी केलं, मग अणदूरनं काय घोडं मारलं होतं? विरेशनं येडशीच्या वैष्णवीला बोलावणं पाठवलं.

ही वैष्णवी शेतकऱ्याघरची पोर. पुण्याला आवाजाचं तंत्र शिकली, तिथं काही वर्षं एका स्टुडिओत राबली आणि एक दिवस गाशा गुंडाळून गावी परत आली. आता खेड्यापाड्यातल्या बंगल्यांत थिएटरच्या खोल्या आखून द्यायचं काम करते. तिची एक रीत आहे. कागदावर रेघ ओढायच्या आधी ती घरातल्या एकेकाला विचारते, तुम्ही कुठं बसणार? काहींना हा प्रश्न येडपटपणाचा वाटतो. सगळ्याच घरांत त्याचं उत्तर सरळ येत नाही, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

विरेशनं उघड्याबोडक्या विटांच्या खोलीत उभं राहून तिला सगळं दाखवलं. समोर पडदा. पुढच्या रांगेत तीन खुर्च्या, पाय वर करता येणाऱ्या, मागं आणखी पाच. पुढची मधली मानाची, पाहुण्यासाठी. पाहुणा नसला तर त्याची स्वतःची. मागच्या भिंतीत मोठं भगदाड ठेवलं होतं, त्याच्यावर हात ठेवून तो म्हणाला, "हितं काच. पल्याड स्वयपाकघर. बायकास्नी तिथनं दिसंल."

"दिसेल," वैष्णवी म्हणाली, "पण ऐकू येणार नाही. खोली साउंडप्रूफ पाहिजे म्हणता ना? शिवाय एवढ्या मोठ्या काचेवर आवाज आपटतो आणि कर्कश होतो. माझं ऐकाल तर काच नकोच."

"त्यास्नी ऐकून काय करायचंय? चहापाणी देता देता चित्र दिसलं म्हंजे झालं. काच ऱ्हाऊ द्या."

गिरिजाबाई गवंड्यांसाठी ताकाची घागर घेऊन आल्या होत्या आणि कोपऱ्यात उभ्या होत्या. वैष्णवी त्यांच्याकडे वळली. "आजी, तुमी कुठं बसणार?"

त्यांनी तोंड उघडायच्या आत विरेशच आईच्या वतीनं बोलला, "अव्वा बसत न्हाय. तिला सिनेमाचा नाद न्हाय."

अव्वा बसत न्हाय! गिरिजाबाईंना हे वाक्य असं झोंबलं की ताकाचं भांडं हातातच राहिलं. त्या बसत नव्हत्या की त्यांना कुणी बसवलं नव्हतं? नाद नव्हता हे ह्याला कुणी सांगितलं?

नाद तर केवढा होता. त्यांचं माहेर आळंदकडचं, कर्नाटकातलं. जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. पडदा तंबूच्या मधोमध ताणायचे आणि त्याच्यावर पाणी मारायचे, म्हणजे चित्र पलीकडूनही दिसतं. अलीकडं पुरुष, पलीकडं बायका. यंत्र पुरुषांच्या बाजूला, आवाजाचा भोंगा पुरुषांच्या बाजूला. बायकांच्या वाट्याला यायचं ते उलटं चित्र आणि लोकांच्या खोकण्यातून गळून आलेला आवाज. सिनेमातले सगळे डाव्या हातानं जेवायचे, डाव्या हातानं तलवार चालवायचे. छोट्या गिरिजेला बरीच वर्षं वाटत होतं की शहरातले लोक डावखुरेच असतात, आणि तिनं हे मैत्रिणींनाही छातीठोकपणे सांगितलं होतं.

लग्न होऊन अणदूरला आल्या. घरात टीव्ही आला तो बाहेरच्या सोप्यात, पुरुषांच्या बैठकीत. गिरिजाबाई भाकरी थापता थापता ऐकायच्या. त्यांचे मालक माणिकप्पा बोलायला थोडे, पण माणूस मायाळू. ते हळूच उठून आवाज वाढवायचे. भाऊ म्हणायचे, माणिक, तुला ऐकू कमी येतंय का? माणिकप्पा "व्हय" म्हणायचे. त्यांचे कान शेवटपर्यंत ठणठणीत होते. बायकोसाठी त्या माणसानं गावात स्वतःला बहिरा म्हणवून घेतलं, पण तिला बाहेर येऊन बस असं म्हणण्याची त्याची छाती झाली नाही. गिरिजाबाईंना ह्या गोष्टीचं कौतुकही होतं आणि रागही होता. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी दोन्ही तसंच होतं.

आणि आता पोरगा काच बसवणार होता. तंबूत निदान आवाजाचे तुकडे तरी यायचे. ह्याच्या खोलीतून तेही येणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी विरेश कामासाठी सोलापूरला गेला आणि गिरिजाबाई साइटवर हजर झाल्या. उत्तरेश्वर मिस्त्रीला भगदाड दाखवून म्हणाल्या, "हे बुजव."

"पर मालक तर काच म्हनले हुते, आजी. मालकास्नी इचारून..."

"मालक माझ्या पोटातनं आलाय. तू ईट लाव."

उत्तरेश्वरनं डोकं खाजवलं आणि वीट लावली. ऊन कलायच्या आत भिंत उभी झाली. ती पुरी होईपर्यंत गिरिजाबाई सिमेंटच्या पोत्यावर बसून राहिल्या, कारण त्या हलल्या असत्या तर मिस्त्रीनं विरेशला फोन लावला असता.

विरेश परतला आणि भडकला. "अव्वा, हे काय केलंस? लोक बंगला बघाय येणार, बायकांनी कुठनं बघायचं?"

"आत बसून."

"आत? पुरुषांच्या मधी?"

"का, सिनेमातल्या बाया न्हाईत का पुरुषांच्या मधी?"

विरेशनं सरळ वैष्णवीला फोन लावला. तिनं तिकडून शांतपणे सांगितलं, भिंत झाली हे फार चांगलं झालं, पाडू नका. विरेशनं मग थोडी पड खाल्ली. बरं, काच नको. मागच्या ओळीत कडेला अव्वासाठी एक खुर्ची. गिरिजाबाई हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. विरेशला वाटलं, मिटलं.

भिंतींना कापडाचे गुबगुबीत पॅनेल लागले, जमिनीवर जाड सतरंजीसारखा गालिचा आला, स्पीकर लागले. खुर्च्या आल्या तेव्हा गिरिजाबाईंनी एकीचं बटण दाबून पाहिलं. पाय वर आले, डोकं मागं गेलं. ही दात काढायची खुर्ची आहे असं त्यांनी जाहीर केलं, बटण परत दाबलं आणि वर मांडी घालून बसल्या. बसल्या त्या पुढच्या ओळीत, मधे.

शेवटचं काम आवाज जुळवण्याचं. वैष्णवी मुख्य जागेवर काठीला छोटा माइक लावते, सगळ्यांना बाहेर काढते आणि एकेका स्पीकरमधून सूंऽऽ असा आवाज सोडते. माइक जिथं असतो तिथल्या कानासाठी सगळी खोली जुळवली जाते. बाकीच्या खुर्च्यांना चांगलंच ऐकू येतं, पण नेमकं तिथं येतं. म्हणून तिनं विचारलं, "कुणाच्या कानाच्या उंचीला लावू?"

"माझ्या," विरेश म्हणाला.

"माझ्या," गिरिजाबाई म्हणाल्या, आणि उठल्या नाहीत.

"अव्वा, हट्ट करू नको. ती जागा मानाची हाय."

"म्हनून तर."

विरेशचा आवाज खाली आला. "वास्तुशांतीला थोरले काका येनार हायत. त्यास्नी हितं बसवायचंय. ते आले म्हंजे तू उठशील का न्हाय?"

थोरले काका म्हणजे शरणबसप्पा, गिरिजाबाईंचे थोरले दीर, भावकीतले सर्वांत मोठे. घरातल्या सुना त्यांच्यासमोर बसत नसत. ते दारात आले की खाकरायचे. ते खाकरणं ऐकलं की बसलेलीनं उठायचं, उठलेलीनं आत जायचं. हे कुणी कधी सांगितलं नव्हतं आणि कुणी कधी मोडलंही नव्हतं. गिरिजाबाईंनी भरल्या दिवसांत, ताप अंगात असताना, तोंडात घास असताना ते पाळलं होतं.

"न्हाय उठनार," त्या म्हणाल्या.

"मग घालव माझी अब्रू!" विरेश दार आपटायला गेला, पण ते दार जाड होतं आणि हळूहळूच लागत होतं. त्याचा संताप तिथंही वाया गेला.

वैष्णवी माइक हातात धरून उभी. काम विरेशचं होतं. तो नाराज झाला तर अख्ख्या तालुक्यात बोभाटा करणार, हे तिला कळत होतं. ती गिरिजाबाईंना म्हणाली, "आजी, तुमी नुसतं हट्टानं बसलाय की खरंच बघनार हाय?"

"सगळा बघनार. सुरवातीच्या नावांसकट."

वैष्णवीनं काठी खाली केली आणि गिरिजाबाईंच्या कानाच्या उंचीला माइक लावला. जुळवणी झाल्यावर तिनं त्यांना एकटीला आत बसवलं आणि एक तुकडा लावून दिला. एक बाई विहिरीवर पाणी शेंदत होती. रहाटाचा करकर आवाज उजवीकडून आला, पाणी समोर घागरीत पडलं, बाईनं दम घेतला तो श्वाससुद्धा गिरिजाबाईंना ऐकू आला. मग ती पुटपुटली, आणि पुटपुटलेला शब्दन्शब्द कळला. गिरिजाबाईंना रडू आलं. पण रडण्यापेक्षा संताप जास्त आला. एवढं सगळं होतं त्यात, आणि आपल्याला परातीच्या खडखडाटात त्यातलं काय मिळालं?

वास्तुशांतीच्या दिवशी सकाळी स्वामींनी पूजा सांगितली, दुपारी जेवणावळ उठली. ऊन उतरल्यावर विरेशनं व्यापारी मित्रांना थिएटरमध्ये नेलं. गिरिजाबाई आधीच मधल्या खुर्चीत मांडी घालून बसलेल्या. डोईवर पदर, कपाळाला ताजी विभूती. मित्रांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मुकाट्यानं आजूबाजूला बसले. म्हातारीला चार-दोन मिनिटांची हौस असेल, असं त्यांना वाटलं. वैष्णवीनं सिनेमा लावला.

बाहेर शरणबसप्पा आले, दारासमोर थांबले आणि खाकरले. आत कुणालाच ऐकू गेलं नाही. खोलीच तशी होती. ते पुन्हा खाकरले. दार उघडेना, आतून कुणी बाई बाहेर येईना. शेवटी चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या विरेशच्या बायकोनं, उमादेवीनं, घाबरत घाबरत दार ढकललं. काका दारात उभे दिसताच सगळे पुरुष ताडकन उठले. वैष्णवीनं सिनेमा थांबवला.

काका आता आत येऊन खाकरले. त्या खोलीत तो आवाज फारच स्वच्छ ऐकू आला.

गिरिजाबाईंचे पाय आपोआप खाली आले. मन नको म्हणत होतं आणि गुडघे उठायला निघाले होते. पन्नास वर्षांची सवय ती. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. छातीत असं धडधडत होतं की वैष्णवीच्या माइकनंही ते पकडलं असतं.

"भावजी, या. बसा," त्या म्हणाल्या. "मागं जागा हाय."

"अव्वा," विरेश दातओठ खात पुटपुटला, "ऊठ."

"म्या लई उभी ऱ्हायले. आता बसूनच बघनार."

शरणबसप्पांनी गिरिजाबाईंकडे पाहिलं नाही. भावजयीकडे पाहायची त्यांची पद्धत नव्हती. ते भिंतीकडे बघून विरेशला म्हणाले, "चांगली बांधलीस खोली." आणि वळले. पाणी न पिता गेले. दोघे-तिघे व्यापारी त्यांच्या मागोमाग उठून गेले. विरेश काकांना गाठायला धावला, आणि जाता जाता आईकडं त्यानं ज्या नजरेनं पाहिलं ती गिरिजाबाईंना लागली. त्यांच्या उंबऱ्यावरून कुणी पाणी न पिता गेलं नव्हतं. घर आपल्यामुळं दुखावलं हे त्यांना कळत होतं, आणि तरी उठावंसं वाटत नव्हतं. चुकलं असेल तर असो, पण हे चुकणं त्यांना हवं होतं.

उमादेवी अजून दारात होती. ट्रेमधला चहा डचमळत होता. तिनं बाहेर नवऱ्याच्या पाठीकडं पाहिलं, मग सासूकडं.

"उमा, ट्रे ठेव खाली. ये, बस."

"आत्याबाई, ते रागावतील."

"रागावू दे. माझ्यावर रागावलाच हाय, तुझाबी राग त्यातच धरंल."

उमादेवीनं ट्रे गालिच्यावर ठेवला. शेजारच्या खुर्चीच्या कडेवर टेकली, मग हळूहळू मागं सरली. उरलेले पुरुष कुठं बघावं ते न कळून रिकाम्या पडद्याकडं बघत होते. वैष्णवीनं रिमोट उचलला आणि जिथं थांबला होता तिथून सिनेमा सुरू केला.

"थांब गं," गिरिजाबाई म्हणाल्या. "पहिल्यापासनं लाव. माझी सून आत्ता बसलीय."