हैबतरावाच्या माडीवरची पाटी

धोंडाबाई गुरवीण एखाद्या वेळेस माणूस विसरेल, पण दावा विसरायची नाही. हैबतराव पाटलावर तिनं वर्षानुवर्षं डूख धरला होता, आणि तोही उघड. त्याच्या घरचं लग्नाचं बोलावणं आलं की म्हणायची, "मयताला बोलवा, पळत येईन."

कारण तसंच होतं. बेचाळीस साली पुण्याकडून दोन भूमिगत पोरं मुळशीच्या खोऱ्यात शिरली. गावानं दारं लावून घेतली. धोंडाबाईच्या नवऱ्यानं, कोंडिबा गुरवानं, त्यांना खंडोबाच्या देवळामागं आपल्या पडवीत पेंढ्याआड लपवलं. दोन दिवसांनी फौजदार आला, तो दुसऱ्या एकाही घराकडं न बघता नीट त्या पडवीतच घुसला. पोरं निसटली, कोंडिबा सापडला. ठाण्यात त्याला गुरासारखा बडवला. घरी आला तो रक्त ओकत, आणि पावसाळा संपायच्या आत गेला. जाताना बायकोला सांगून गेला, "मला आत न्हेलं तवा पाटील फौजदारापुढं खुर्चीत बसून च्या पीत व्हता."

गावाला हे ठाऊक नव्हतं थोडंच? पण पाटलाच्या तोंडी लागणार कोण!

पुढं स्वराज्य आलं. सत्तावन्न साली शहरातली एक कमिटी नावाजलेल्या जुन्या इमारतींवर पाट्या बसवत हिंडत होती. कुठं किल्लेदाराचं घर, कुठं धर्मशाळा, कुठं लढ्यातल्या माणसांना आसरा दिलेली जागा. हैबतरावाची माडी दुमजली, सागवानी खांबांची, चुन्यानं पांढरीफेक. खोऱ्यात कुठूनही नजरेत भरायची. त्यानं कमिटीला कोंबडीचं जेवण घातलं, माडीवर नेलं आणि भाताच्या कणगीमागं बोट दाखवलं. "पोरं हितं दडवली व्हती मी." वा रे पठ्ठ्या! कमिटीतल्या एकाचे तर डोळे भरून आले म्हणे.

संगमरवरी पाटी आली, तीवर हैबतरावाचं नाव. ऐकलं आणि धोंडाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नवरा मेला माजा, आन नाव ह्या मुडद्याचं?"

"मामलेदाराकडं जा की," तिची जाऊ सारजाबाई म्हणाली.

"कशाला? पाटी उघडाया मामलेदारच हितं येतुया. त्येच्या म्होरं भर मांडवात धरते पाटलाला."

तिला संधी आयती चालून आली. त्या गावात घर असो, विहीर असो, गुरवाच्या घरचा भंडारा आल्याखेरीज नारळ फुटत नसे. पोटी पोर नसल्यानं कोंडिबामागं देवाची पाळी धोंडाबाईच करायची. तेव्हा पाटलाला झक मारत तिच्या दारी यावं लागलं. येताना नवंकोरं लुगडं आणलं.

"झालं गेलं इसरा, धोंडाबाई. भंडारा घिऊन या."

"येते की," ती गोड हसून म्हणाली. पाटलाची पाठ वळताच तिनं ते लुगडं शेळीच्या अंगावर बांधलं. दिवसभर शेळी गावभर मिरवली, आणि लोक तोंडात पदर, उपरणी कोंबून हसले.

समारंभाच्या दिवशी माडीपुढं मांडव पडला. पाटीवर पडदा होता. मामलेदार दोरी ओढायला उठले, तोच धोंडाबाई ताट घेऊन पुढं झाली. ताटात हळदीचा भंडारा आणि वर बेलाचं पान.

"पाटील, बेलभंडार उचला. आन म्हना, ती पोरं माज्या माडीत व्हती."

देवाचा बेलभंडार हातात घेऊन जो खोटं बोलेल त्याचा वंश बुडतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. मामलेदारांना मात्र हा पूजेचाच भाग वाटला. ते कौतुकानं म्हणाले, "घ्या ना हैबतराव, उचला."

पाटलानं हात पुढं केला, मागं घेतला. बघणाऱ्यांकडं पाहिलं. मग अब्रू की वंश, ह्यात त्यानं अब्रू धरली आणि बोटं ताटाकडं नेली.

तेवढ्यात त्याची बायको रंभाबाई दारातून धावत आली आणि तिनं त्याचं मनगट गच्च पकडलं. "अवो, नगा उचलू! सून पोटुशी हाय! खोटं बोलू नगा देवापुढं!"

झालं. ज्याला जे कळायचं ते कळलं, मामलेदारांनाही. दोरी तशीच लोंबकळत राहिली. ते खाली मान घालून म्हणाले, "बाई, पाटी तुमच्या पडवीला लावू. नाव बदलून देतो."

"माज्या पडवीला काय करायचीय? माजा धनी गेला," धोंडाबाई कडाडली. "हितंच लावा. ल्ह्या, की ह्या माडीतनं चुगली गेली."

तसं सरकार कुठं लिहितं? पाटी बैलगाडीतून परत गेली. पण गावानं पाटीची वाट बघितली नाही. वाटसरूनं रस्ता विचारला की माणसं सांगू लागली, चुगलीच्या माडीवरनं डावीकडं वळा. पुढं खोऱ्यात एसटी आली, थांबा नेमका पाटलाच्या दारात, आणि कंडक्टरही तेच नाव पुकारू लागला. हैबतराव अलीकडच्या थांब्याला उतरून भर उन्हात बांधाबांधानं घरी जायचा.

धोंडाबाईला कळलं तेव्हा तिनं काय करावं? बाजारात तिचं काडीचं काम नसे, तरी बाजाराच्या दिवशी परतताना पाटील ज्या गाडीत चढेल त्याच गाडीत चढायची. त्याच्या शेजारची जागा धरायची. आणि कंडक्टर आला की त्याच्या आधी, साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशी बोलायची,

"दोन द्या, मास्तर. येक माजं, येक पाटलांचं. चुगलीच्या माडीवर उतरायचंय आमाला."