नऊ जणांचा श्रावण आणि एक सिरोटाइप

त्या श्रावणातली केस आठवली की मला आजही आधी हसू येतं आणि मग थोडी लाज वाटते. गिरण्यांचा संप होऊन दोनेक वर्षं उलटली होती. मी लालबाग भागातल्या ठाण्यात उपनिरीक्षक होतो. सकाळची हजेरी चालू असताना परळच्या एका रुग्णालयातून फोन आला. आमच्या हद्दीतल्या एका चाळीत एकाच गाळ्यात, म्हणजे एका खोलीत, राहणारे नऊ कामगार जुलाब-उलट्यांनी दाखल झाले होते आणि डॉक्टरांना अन्नातून विषबाधेचा संशय होता.

नऊही जण कोकणातले. गिरणी बंद पडल्यावर ते माझगावला गोदीत रोजंदारीवर जात आणि रात्री चाळीतल्याच एका बाईंच्या खानावळीत जेवत. सगळी चाळ त्या बाईंना काकी म्हणे. नवऱ्याची गिरणी गेल्यापासून घर या खानावळीवरच चालत होतं. नवांमध्ये वडीलधारे म्हणजे गाळ्यातले भजनी बुवा; गावच्या भजनात पेटी वाजवण्याचा मान त्यांचा. त्यांनी क्षीण आवाजात सांगितलं की झालं ते खानावळीतच, बाहेर आम्ही पाण्याचा घोटही घेतला नाही. बाकीच्या आठांनी अक्षर न बदलता तेच सांगितलं. नऊ जबाब इतके तंतोतंत जुळले की पोलिसाने सावध व्हायला हवं. मी मात्र खूश झालो.

खानावळीचा पंचनामा झाला. पालिकेच्या निरीक्षकाने अन्नाचे आणि भांडी धुण्याच्या पिंपातल्या पाण्याचे नमुने घेतले, आणि दारावर खानावळ बंद ठेवण्याची नोटीस लागली. काकींना ठाण्यात बोलावून मी तासभर उलटसुलट विचारलं. शिळं वाढता का, भाजी कुठून आणता, हात धुता का. काकी रडल्या नाहीत.

"सायबानू, सरावणात माज्याकडे वरण-भात नि भाजी," त्या म्हणाल्या. "मी नि माजो घोव त्याच टोपातला जेवलंव. आमका काय्येक झाला नाय."

मी ते जबाबात लिहून घेतलं आणि विसरून गेलो.

तीन-चार दिवसांनी प्रयोगशाळेतून कळलं की रुग्णांमध्ये आणि काकींच्या पिंपात, दोन्हीकडे साल्मोनेला नावाचा जिवाणू सापडला आहे. म्हणजे केस संपली, असं समजून मी लेखी अहवाल आणायला स्वतःच गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी मला स्टुलावर बसवलं आणि अजून सिरोटाइप यायचा आहे, असं सांगितलं. मी म्हटलं, जंतू तोच आहे ना, मग आणखी काय हवंय?

"साहेब, तुमच्याकडे घरफोडी झाली की शहरातल्या सगळ्या घरफोड्यांना आत घालता का?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. साल्मोनेला हे झालं घराण्याचं नाव. त्या घराण्यात शेकडो प्रकार असतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली सगळे सारखेच दिसतात. फरक असतो तो त्यांच्या अंगावरच्या आणि शेपटीवरच्या रसायनांत. ठरावीक प्रकार ओळखणाऱ्या सिरमचा, म्हणजे रक्तातून काढलेल्या द्रवाचा, थेंब काचपट्टीवरच्या जंतूंवर टाकायचा. जंतू त्या प्रकारचे असतील तर नासलेल्या दुधासारखे कण धरतात, नसतील तर काही होत नाही. असा ओळखलेला प्रकार म्हणजे सिरोटाइप. कोणी त्याला सिरोव्हार म्हणतात, अर्थ एकच. प्रकार जुळला तरी तेवढ्याने गुन्हा शाबीत होत नाही, पण जुळलाच नाही तर रोगाची वाट वेगळी, हेही त्यांनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. पिंपातला प्रकार वेगळा होता, नवांच्या पोटातला वेगळा. पोटातला प्रकार बहुतेक वेळा कोंबडी किंवा अंड्यांतून येतो, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. श्रावणात अंडी! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

बुवा तोवर बरे होऊन गाळ्यात आले होते. मी त्यांना बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला, अंडी कुठे खाल्लीत? त्यांनी आधी वर पाहिलं, मग खाली, आणि मग सगळं सांगून टाकलं. गोदीतून परतताना नवांनी एका गाडीवर ऑम्लेट-पाव खाल्ला होता. पहिला घास बुवांचाच.

"गावाक कळला तर माजी भजनाची पेटी जातली, सायबानू," ते म्हणाले.

मला हसू आवरेना, आणि रागही आला. यांच्या पेटीपायी एका बाईची चूल विझली होती. त्या गाडीवर फेटलेली अंडी दिवसभर उघडी राहत आणि ऑम्लेट अर्धंकच्चंच उतरे. त्यांचा नमुना तपासला, तेव्हा प्रकार नवांच्या प्रकाराशी जुळला. पालिकेने गाडीवर कारवाई केली आणि काकींचं पिंप घासून घेऊन दारावरची नोटीस काढून टाकली.

त्या केसने मला एक सवय लावली. "तोच आहे" असं कोणी म्हटलं की मी विचारायचो, त्यातला कुठला? आणि आरोपीने आपल्या बाजूने सांगितलेलं वाक्य मी दोनदा वाचू लागलो. माणूस पोलिसाला घाबरून खोटं बोलतो असं आपण समजतो, पण गावच्या लाजेपुढे पोलीस काहीच नाही.

खानावळ उघडली त्या दुपारी मात्र पंगतीला कोणी फिरकलं नाही. नोटीस निघाली तरी संशय निघाला नव्हता, आणि तो मीच चाळीत नेला होता. म्हणून मी वर्दीतच गेलो, टोपी काढली आणि दारातून सगळ्यांना दिसेन असा पाटावर बसलो. अर्धं जेवण झालं तेव्हा बुवा आले आणि मान खाली घालून शेजारी बसले. मागून आठ जण आले. काकींनी कोणालाच काही विचारलं नाही. बुवांच्या ताटात वरण वाढताना त्या एवढंच म्हणाल्या, "बुवानू, ह्यात अंडा नाय हां. चलात मा?"

सगळ्यांत मोठ्याने बुवाच हसले, आणि त्यांनी दोनदा भात मागून घेतला.