माउईला आपलं कोणी नाही

माझा हनिमून एकनाथ काका चांदोरकरांनी ठरवला, त्यामुळे तो पोर्टो रिकोमध्ये एका परक्या बाईच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटण्यात गेला. ही तक्रार नव्हे. तक्रार मी परत आल्या आल्या करून मोकळी झाले होते. काकांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "पण माणसं चांगली होती ना?"

माणसं चांगली होती, हीच तर पंचाईत होती. नवरा औषधांच्या कारखान्यात केमिस्ट, बायको हौशी, आणि मराठी बोलणारं कोणी त्यांच्या दारात कित्येक महिन्यांनी उभं राहिलेलं. त्यांनी आपली बेडरूम आम्हाला दिली आणि स्वतः हॉलमध्ये पथारी टाकली. बाथरूमला जायचं तर त्यांच्या उशाशी पाय वाजू न देता जावं लागे. माझा नवरा गुरुदत्त त्या गृहस्थांबरोबर रमी खेळला. मी बाईंना मदत केली, कारण पाहुणी झाली तरी बाईमाणूस किती वेळ नुसती बसणार? समुद्र आम्ही पाहिला, पण गाडीच्या काचेतून. त्यांच्या ओळखीच्या एका घरी जेवायला जाताना तो डाव्या हाताला लागला होता.

आम्ही राहायचो मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला. काका तिथे आमच्या आधीपासून होते. गाडीच्या दाराला कडेने रबराची पट्टी असते, तिच्यातून पाणी आत शिरतं का हे पाहणं हे त्यांचं काम. ते बंद गाडीत बसत, बाहेरून माणसं पाण्याचा मारा करत, आणि काका आतून पाहत. पाणी आलं नाही तर दिवस चांगला गेला. असा माणूस सुट्टीच्या दिवशी मात्र लोकांची दारं उघडण्याच्या मागे असे. आपल्या मंडळींपैकी कोणी बोस्टनला निघालं, ह्यूस्टनला निघालं, की काका लायब्ररीत जाऊन त्या शहराचं फोनबुक काढत. जोशी आणि कुलकर्णी आधी, मग शेवटी 'कर' असलेली आडनावं. नाव सापडलं की रविवारी फोन.

"नमस्कार, मी नोव्हायहून एकनाथ चांदोरकर बोलतोय. तुम्ही मला ओळखत नाही."

या वाक्यावर कोणी फोन ठेवून दिल्याचं मी तरी ऐकलं नाही. उलट पलीकडची माणसं गहिवरत. थोड्या वेळात काका इकडे जाहीर करत, "झालं काम. हॉटेल कॅन्सल करा. आपले लोक आहेत तिथे." हॉटेल या शब्दावर त्यांचा राग होता. ते तो शब्द एखाद्या आजाराचं नाव घ्यावं तसा घेत. का, ते आम्हाला माहीत नव्हतं. लता काकू, म्हणजे त्यांची बायको, आम्ही अमेरिकेत येण्याआधीच कुठेतरी प्रवासात वारल्या, एवढंच कानावर होतं. काका त्याविषयी बोलत नसत आणि आम्ही विचारत नसू. दर रविवारी ते आमच्याकडे जेवत आणि आमच्या फोनवरून इतरांच्या सहली ठरवत.

शहाऐंशी साली मी त्यांचं दुसरं लग्न जमवलं. माझ्या हनिमूनचा सूड म्हणून नव्हे, निदान फक्त तेवढ्यासाठी नव्हे. मुलगी, म्हणजे पन्नाशीला टेकलेली मुलगी, होती शरयूताई. शेजारच्या गावातल्या जगन्नाथरावांची ही बहीण. भावाची मुलं लहान होती तेव्हा ती सांभाळायला म्हणून आली. मुलं मोठी होऊन कॉलेजात गेली, पण शरयूताईला परत पाठवायचं कोणाला सुचलं नाही, आणि तिला कोणी विचारलंही नाही. भावाच्या घरी तिचे हाल होते असं मुळीच नाही. पाहुणे आले की पोळ्या शरयूताई करणार, एवढंच. आणि जगन्नाथरावांकडे पाहुणे नसलेला आठवडा मला आठवत नाही. त्यातले निम्मे काकांनीच पाठवलेले असत. ती झोपायची बेसमेंटमध्ये, टीव्हीसमोरच्या सोफ्यावर. तिथे दार नव्हतं. घरातल्यांचं टीव्ही बघून झालं की शरयूताईची रात्र सुरू होई.

दोघांनी एकमेकांना आमच्याच हॉलमध्ये पाहिलं. ते तिला "अहो" म्हणत, ती त्यांना "अहो" म्हणे, आणि तिसऱ्या माणसाला कोण कोणाशी बोलतंय ते कळत नसे. लग्न मार्चमध्ये करायचं ठरलं. लग्नानंतर कुठे जायचं, हे मीच तिला खोदून खोदून विचारलं. आमच्या फ्रिजवर एक कॅलेंडर लटकत होतं. त्यात हवाईमधल्या माउई बेटाचं चित्र होतं. नारळाची झाडं, वाळू आणि पाणी.

"इथे," शरयूताई म्हणाली.

"इथेच का गं?"

"रिकामं आहे."

झालं, काका कामाला लागले. नोव्हायच्या लायब्ररीत माउईचं फोनबुक नव्हतं. काका ते पाहायला ॲन आर्बरला गेले, तिथल्या युनिव्हर्सिटीत. परत आले ते तोंड उतरवूनच. संपूर्ण बेटावर जोशी नाही, कुलकर्णी नाही, एकही 'कर' नाही. "एवढं मोठं बेट," ते म्हणाले, "आणि आपलं कोणी नाही." त्या रविवारी ते नीट जेवलेसुद्धा नाहीत. मी मनातल्या मनात देवाला नमस्कार केला.

पण पुढच्या रविवारी काका आले ते हसतच. शरयूताई आमच्याकडेच होती. काकांनी बूट काढता काढताच सांगायला सुरुवात केली. माउईला कोणी नसलं तरी होनोलुलूला होतं. दुसरं बेट, पण विमानाने अगदी जवळ. तिथल्या युनिव्हर्सिटीत श्रीराम म्हणून एक प्रोफेसर, नागपूरचे, आणि त्यांची पत्नी मृणालिनी. काका त्यांच्याशी फोनवर बोलले होते.

"मग त्यांच्याकडे उतरायचं?" मी विचारलं. माझा आवाज चढलेला मलाच ऐकू आला.

"छे, छे. ह्यांना माउईच बघायचंय ना? मग माउईच." काकांनी शरयूताईकडे मोठ्या प्रेमाने पाहिलं. "ते दोघं येतील आपल्याबरोबर माउईला! त्यांनाही केव्हापासून जायचंच होतं. रजा टाकलीये त्यांनी. शेजारी शेजारी दोन खोल्या घेऊ. छोटं किचन असलेल्या खोल्याही मिळतात म्हणे. म्हणजे आपलं जेवण घरच्यासारखं होईल."

गुरुदत्त पेपरमागे गेला. असल्या वेळी पेपर त्याला फार उपयोगी पडतो.

शरयूताईने चहाचा कप खाली ठेवला. "कणीक इथून न्यायची का?" तिने विचारलं.

"मिळत असेल तिथे," काका गंभीरपणे म्हणाले. "विचारून घेतो."

"अहो," शरयूताई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "मी इतकी वर्षं आपल्या माणसांत राहिले. आपली माणसं आली की मी उठायचं. त्यांचा चहा, त्यांचा डबा, त्यांच्या मुलांचं दूध. माणसं सगळी चांगली. पण मला एक आठवडा असा पाहिजे की मला कोणी ओळखत नाही. दार लावलं की लागलं. सकाळी चहा कोणीतरी परका माणूस आणून देईल, आणि मी त्याचं नावसुद्धा विचारणार नाही. ते जमणार नसेल तर नको. मग दादाच्या बेसमेंटमध्ये काय वाईट आहे?"

शेवटचं वाक्य फक्त प्रवासाबद्दल नव्हतं, हे पेपरमागच्या माणसालाही कळलं. काका उभेच होते. मला वाटलं, ते आता तेच म्हणणार, पण माणसं चांगली आहेत. मी त्यांना अडवायला तोंड उघडलंही होतं.

ते खुर्चीवर बसले. "लता आणि मी एकदा यलोस्टोन पार्क बघायला निघालो होतो," ते म्हणाले. "गाडीने. वाटेत नेब्रास्कात एका मोटेलात उतरलो. चांगलं स्वच्छ मोटेल होतं. तिथे तिचं डोकं दुखायला लागलं. हॉस्पिटल चांगलं होतं, डॉक्टर चांगले होते, त्यांनी काही कमी केलं नाही. मी बाहेर बाकावर बसून होतो. त्या गावात मी कोणाला फोन करणार? मग ती गेली. मी मोटेलात सामान घ्यायला आलो, तर काउंटरवरच्या माणसाने विचारलं, आज का सोडताय, तुमची तर उद्यापर्यंत खोली आहे. तेव्हा त्याला सांगितलं." काकांनी चष्मा काढून हातात घेतला. "लता गेली हे मी पहिल्यांदा सांगितलं ते इंग्रजीत. त्या माणसाला. तो बिचारा सॉरी म्हणाला. मला मराठीत सांगायला कोणी मिळालं ते मिशिगनला परत आल्यावर."

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. काकांच्या त्या सगळ्या फोनांचा मला आलेला वैताग, पोर्टो रिकोच्या पोळ्या, सगळं एका क्षणात लहान झालं. वाटलं, जाऊ दे, न्या त्या प्रोफेसरला बरोबर. शरयूताईने नमतं घेतलं असतं तर मी तिला दोष दिला नसता.

तिने नमतं घेतलं नाही. ती उठून त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली.

"तेव्हा तुम्ही एकटे झालात, खरं आहे," ती म्हणाली. "पण आता मी बरोबर आहे ना? मला मराठी येतं. मी काय तुमच्या ओळखीची नाही?"

काकांच्या फोनबुकात हे नाव आलेलंच नव्हतं. मग त्यांनी चष्मा घातला, फोनपाशी गेले आणि आमच्या सगळ्यांसमोर होनोलुलूचा नंबर फिरवला. "नमस्कार, मी नोव्हायहून एकनाथ चांदोरकर. तुम्ही मला ओळखता," ते म्हणाले, आणि थोडं अडखळून, "आम्ही दोघंच जायचं ठरवलंय." पलीकडून बराच वेळ आवाज येत होता. काका "हो", "तुमचंही बरोबर आहे" असं म्हणत राहिले, पण मागे हटले नाहीत. प्रोफेसरांनी रजा रद्द केली नाही. ते दोघं आपले आपण तिसऱ्याच एका बेटावर जाऊन आले आणि त्यांना ते आवडलं, असं नंतर कळलं.

लग्न जगन्नाथरावांच्याच घरी झालं. त्या दिवशी पोळ्या मी आणि त्यांच्या बायकोने केल्या, आणि तिच्या पोळ्या कडक होतात हे सगळ्या पाहुण्यांना समजलं. दुसऱ्या दिवशी गुरुदत्तने नवरा-नवरीला विमानतळावर सोडलं. मी हॉटेलचा नंबर मागितला होता. काकांनी शरयूताईकडे पाहिलं आणि दिला नाही. तो आठवडा मला कठीण गेला. बाहेर बर्फ, आणि तिकडे काकांना एका खोलीत, कोणाच्या ओळखीशिवाय कसं होत असेल, या विचाराने माझंच डोकं दुखत होतं. गुरुदत्त म्हणाला, "अगं, हनिमूनला गेलेत ते, वनवासाला नाही." तरी विमान उतरलं त्या दिवशी तो स्वतःच वेळेच्या आधी विमानतळावर जाऊन बसला.

दोघं परत आली ती रापून, काळीसावळी होऊन. काकांच्या नाकाची सालं निघत होती. विचारलं तर "चांगलं आहे, समुद्र आहे," एवढंच. शरयूताई तर त्याहून कमी बोलली. मी नाद सोडला.

मे महिन्यातल्या एका रविवारी ती दोघं आमच्याकडे होती. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. शरयूताई पलीकडे खुर्चीवर बसून चहा पीत होती. तिला उठू द्यायचं नाही, असा माझ्या घरात नियम झाला होता. हॉलमध्ये फोन वाजला. अटलांटाजवळच्या अल्फारेटाहून अमित नावाच्या एका मुलाने काकांची चौकशी करत फोन केला होता. काकांचा आवाज आत येत होता.

"लग्न ठरलं? अभिनंदन! कुठे, माउईला?" मग जरा थांबून, "नाही रे बाबा. माउईला आपलं कोणी नाही. हॉटेलात राहा."

मी लाटणं ठेवलं. काका एखाद्याला हॉटेलात राहा म्हणाले, हे मी पहिल्यांदा ऐकत होते. "खरंच कोणी नाही का गं तिथे?" मी हळूच विचारलं.

शरयूताईने हॉलकडे एक नजर टाकली. "आहे," ती म्हणाली. "फोनबुकात नाही एवढंच. आम्ही वाळूतून चालत होतो. समोर एक बाई मुलाला म्हणाली, अरे, फार आत नको जाऊस, पाणी नाकात जाईल. शुद्ध मराठीत. नवराही होता बरोबर, डबा उघडून बसलेला. हे जागच्या जागी थांबले. मी म्हटलं, झालं, संपला माझा आठवडा. पण यांचा चेहरा असा झाला की मलाच बघवेना. म्हणून मीच म्हटलं, अहो, मराठी दिसतायत."

"मग?"

"'असतील,' म्हणाले. आणि माझ्या हातातल्या चपला स्वतःच्या हातात घेऊन पुढे चालायला लागले."