हिटर फुल कर

सुरुवातीलाच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. गावात कोणाच्या अंगात आलं की मी सरळ उठून वांग्यांना पाणी द्यायला जाते. तरीही हे लिहितेय... कारण घरात सांगायला कोणी उरलेलं नाही.

आमचा भाजीचा मळा कामरगावजवळ. हे गेल्यापासून मी एकटीच असते. मुलगा पुण्याला. "गाडी विक आणि कायमची इकडे ये," हा त्याचा हट्ट. शेवटी कंटाळून हो म्हटलं. मे महिन्यात, भर दुपारी, गिऱ्हाइकाला गाडी दाखवायला मंगरूळपीरला निघाले. गाडी गेली की मळाही सुटणार, हे मला ठाऊक होतं.

कारंजा मागे पडलं आणि इंजिनच्या गरमीचा काटा लाल रेषेकडे सरकला. बाजूला थांबले. इंजिन चालूच ठेवलं, कारण ह्यांची शिकवण — "काटा पाहू नको, पंखा आयक." कान दिला. इंजिन थंड करणारा पंखा फिरतच नव्हता. रेडिएटरच्या बाटलीतलं पाणी बरोबर होतं. रस्त्यावर चिटपाखरू नाही, फोनला रेंज नाही. इतकं एकटं मला ते गेले त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

मग आठवलं. पूर्वी गाडी तापली की हे भर उन्हाळ्यात हिटर लावायचे. मी ओरडायचे. ते हसायचे — "अवं, इंजिनची गरमी थोडी आपण घेऊ. ते बिचारं एकटं किती सोसन?"

हिटरचं बटण पूर्ण फिरवलं आणि निघाले. पायांवर असा गरम झोत आला की चप्पल काढावीशी वाटली. काटा हळूहळू उतरला... मी रडत रडत गाडी चालवली.

मंगरूळपीरला आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने पंख्याची जळालेली मोटर काढून दाखवली. "इथवर आणली कशी, काकू?"

"हिटर लावून."

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "हिटर कुठून चालन? त्याची लाइन तं काकांनीच बंद करून घेतली माह्याकडून. तुमच्या पायावर पानी गळून राह्यलं होतं म्हणून." त्याने दाखवलं — इंजिनातून निघालेला पाइप तसाच वळून परत इंजिनात जोडलेला. गरम पाणी हिटरमध्ये येणारच कुठून? आणि हे मला कधी बोललेही नव्हते.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, मे महिन्यात बाहेरची हवाच तशी असते. गाडी पळाली, वारा लागला, काटा उतरला." असेल. पण उजव्या पावलावरचा लाल चट्टा चांगला आठवडाभर होता... बाहेरच्या हवेने असं भाजतं का?

नवी मोटर बसवली. गाडी विकली नाही, पुण्यालाही गेले नाही.

रस्ता रिकामा असला की अजून कधीतरी हिटरचं बटण फिरवते. साधी हवा येते. तरी थोडा वेळ पाय तिथेच धरून ठेवते.