नावं काढली होती, तरीही

इथे गावांत जाऊन संशोधन करणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

आज सकाळी मी पीएचडीचा डेटा एका खुल्या संकेतस्थळावर टाकला. जर्नलला तो लगेच हवा होता. मागणाऱ्याचा अर्ज पाहूनच फाइल देणारं दुसरं संकेतस्थळही होतं, पण तिथे वेळ लागतो, म्हणून टाळलं.

डेटा दर्यापूरकडच्या खाऱ्या पाण्याच्या गावांतल्या किडनी तपासण्यांचा आहे. नावं काढली होती. दुपारी अकोल्याहून, तपासणीत भाग घेतलेल्या एका मावशींना कळवायला फोन केला.

"माहं नाव त नाई न टाकलं?"

"नाही मावशी. फक्त गाव, वय आणि काम."

"अवं, गावात अंगणवाडीवाली मी एकलीच आहो. मंग नाव टाकाचं काय राह्यलं?" त्या हसल्या. मग आवाज उतरला. "पोरीची सोयरीक जुळून राह्यली. त्या लोकाइले वाटन, पोरीलेही हाच किडनीचा रोग हाय. त्याइचा पोरगा तुह्यासारखाच दिवसभर कम्प्युटरवर असते."

मी लगेच फाइल तिथून काढून टाकली. तोवर ती दोनदा डाउनलोड झाली होती. कोणी केली, ते कळत नाही.

तपासणीआधी संमतीची सही घेताना 'तुमची ओळख उघड होणार नाही' हे वाक्य मीच त्यांना वाचून दाखवलं होतं.

आता गाव आणि काम हे रकाने काढून फाइल त्या दुसऱ्या संकेतस्थळावर ठेवण्यासाठी अर्ज भरला आहे. त्या दोन डाउनलोडचं मावशींना अजून सांगितलेलं नाही. संध्याकाळी सांगणार आहे. तुम्ही कसं सांगितलं असतं?