मावशींचं हॅण्डल

बाळंतपणाच्या वॉर्डात खाटा बारा आणि त्या वर-खाली करायचं हॅण्डल एक. बाकीची कुठे गेली असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. उरलेलं हे एक मावशींच्या कमरेला नाडीने बांधलेलं असतं. बावीस वर्षं त्या तिथे फरशी पुसतात, चादरी बदलतात, आणि बावीस वर्षं त्यांचं कोणी ऐकत नाही. मीही ऐकलं नाही, हे आधीच कबूल करते.

माझी मुलगी तीन दिवसांची होती. छातीशी आणली की मान फिरवायची आणि रडून लाल व्हायची. वजन रोज उतरत होतं. डॉक्टर म्हणाले, "उद्या सकाळीही कमी भरलं, तर तिला वरच्या मजल्यावर ठेवू." म्हणजे काचेच्या पेटीत, माझ्यापासून लांब.

सासूबाईंनी मला ताठ बसवलं होतं. पाठीला दोन उशा, मांडीवर एक, टाके ठणकताहेत, मुलगी किंचाळतेय, आणि यांचं आपलं चालूच, "वाकू नकोस, सरळ बस."

मावशींनी बादली खाली ठेवली, हॅण्डल फिरवलं आणि खाटेची पाठ अर्धी खाली आणली. उशा काढून टाकल्या.

"रेल जरा. आडवं नाही व्हायचं, नुसतं रेलायचं. खांदे सोड." मुलीला त्यांनी माझ्या उघड्या छातीवर पालथी ठेवली. "तिचं ती शोधेल. तू हात लावून धर आणि नाक मोकळं आहे ना, तेवढं बघ."

मुलगी गप्प झाली. पायांनी माझ्या पोटाला रेटत सरकू लागली.

"अहो, नाकात जाईल दूध," सासूबाई म्हणाल्या. "मावशी, तुम्ही तुमची फरशी पुसा."

सिस्टरांना बोलावून त्यांनी खाट पुन्हा सरळ करवली. मावशींनी ती पुन्हा उतरवली. दुपारपर्यंत हे तीनदा झालं. मी खाटेवर आहे, याचा दोघींनाही विसर पडला होता.

तिसऱ्यांदा मावशी वैतागून म्हणाल्या, "माझ्या पहिलीला मी अशीच ताठ बसून पाजली, मोठ्यांच्या धाकाने. महिन्याभरात हातात बाटली आली. अजून राग जात नाही माझा."

दोन वाजता त्यांची ड्यूटी संपली. जाताजाता त्यांनी माझी खाट अर्धी उतरवली आणि गेल्या. चार वाजता सगळ्यांच्या लक्षात आलं की हॅण्डलही गेलं.

सिस्टर चिडल्या, सासूबाई चिडल्या. पाच नंबरच्या बाईची खाट जेवणासाठी वर केली होती, ती खाली होईना, बाई बसलेलीच राहिली, आणि तिचा नवरा मला ऐकवून गेला. मीही मनातल्या मनात मावशींच्या नावाने बोटं मोडली. दुसरं काही सुचेना म्हणून मुलीला छातीवर पालथी घेतली. ती कुरकुरली, धडपडली आणि लागली एकदाची. गिळल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मला रडू कोसळलं. सासूबाई तिच्या नाकापुढे बोट धरून बसल्या आणि पुढच्या प्रत्येक वेळी तशाच बसल्या.

सकाळी वजन झालं. सातला मावशी आल्या त्या थेट माझ्याकडेच, गणवेशही न घालता.

"किती?"

"साठ ग्रॅम वाढलं."

"हं," म्हणून त्यांनी हॅण्डल माझ्या चादरीवर ठेवलं. तेवढ्यात दारातून सिस्टरांचा आवाज आला, "मावशी, हॅण्डल तुम्हीच घरी नेलं ना? आज मी वर लिहूनच देते. नोकरीवर बेतेल मग."

मी हॅण्डलाकडे पाहिलं, तर चादरीवर ते नव्हतं. सासूबाई आपल्या पिशवीत हात घालून लंगोट उपसत होत्या. त्यांनी तळातून हॅण्डल बाहेर काढलं.

"माझ्याकडे राहिलं," त्या म्हणाल्या. "कपड्यांत गुंडाळलं गेलं. त्यांचा काही संबंध नाही."

सिस्टर पाच मिनिटं बोलल्या. आयुष्यात कोणाचा एक शब्द ऐकून न घेणाऱ्या माझ्या सासूबाईंनी मान खाली घालून सगळं ऐकलं.

सिस्टर गेल्यावर सासूबाईंनी हॅण्डल मावशींच्या हातात दिलं. मावशींनी ते कमरेला बांधलं आणि माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला.

"मागे पुन्हा उशी कोणी ठेवली?"

"मी," सासूबाई म्हणाल्या आणि स्वतःच उठून ती काढली.