तुळजाक्कांचा फिरता वर्ग

तुळजाक्का आमच्याच गल्लीतल्या, तंजावरच्या राजवाड्याच्या मागच्या. जाता-येता दिसायच्या, हसायच्या. पण त्यांची खरी ओळख झाली ती टाउन बसमध्ये, आणि माझ्याबरोबर अख्ख्या बसला झाली.

सकाळची वेळ होती. बस ऑफिसला जाणाऱ्यांनी भरलेली. अक्का खिडकीशी बसलेल्या, मांडीवर प्लास्टिकच्या वायरीनं विणलेली पिशवी, आणि कानाला एक जाडजूड मोबाइल. आमच्या गावात तेव्हा मोबाइल नवा होता. ज्यांच्याकडे असे ते हळू आवाजात, थोडं मिरवत बोलत. अक्कांना हळू बोलणं ठाऊकच नव्हतं.

"'जाता हूँ' नाही गं बाई!" त्या तमिळमध्ये ओरडत होत्या. "तू काय पुरुष आहेस? 'जाती हूँ' म्हण. अजून मोठ्यानं! 'मैं बाज़ार जाती हूँ!'"

पलीकडून काय आलं ते कळलं नाही, पण कंडक्टर तिकिटं फाडता फाडता म्हणाला, "मैं बाज़ार जाती हूँ!"

अक्कांनी फोन बाजूला केला. "तुम्ही 'जाता हूँ' म्हणायचं, कंडक्टर. मिशा आहेत तुम्हाला."

बस हसून हसून वेडी झाली. माझा थांबा येईपर्यंत मागच्या बाकावरचे दोन आजोबासुद्धा बाजारात जाऊन आले होते.

अक्का कितीतरी वर्षं हिंदीच्या शिकवण्या घेत होत्या. नवरा लवकर गेला, मुलगा मद्रासला, आणि पुढच्या खोलीत संध्याकाळी परीक्षांना बसणारी मुलं. पुढे दिवस बदलले. नव्या नव्या कंपन्या आल्या, पोरं पुणे, दिल्ली अशी लांब नोकरीला जाऊ लागली, आणि अक्कांकडे मुलांऐवजी मोठी माणसं येऊ लागली. त्यांना परीक्षा नको होती, बोलायला हवं होतं. पण नोकरी, घरदार सांभाळून संध्याकाळी ठरल्या वेळी कोण येणार? अर्धा वर्ग रिकामाच असे.

मुलानं मोबाइल आणून दिला तो आईच्या काळजीपोटी. अक्का मला सांगत, "मी म्हटलें, मला कशाला होणा हे? पडलें-झडलें तर बोलवायला म्हणे! मी कोठें पडत्यें?" त्यांची मराठी आमच्या तंजावरी घरांतली, जुन्या वळणाची, तमिळच्या चालीवर झुलणारी, 'हवं'ला 'होणा' म्हणणारी. पण येणारे कॉल फुकट झाले आणि अक्कांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांनी सगळ्या विद्यार्थ्यांना सांगून टाकलं, "तुम्हाला वेळ होईल तेव्हां फोन करा. मी जेथें असेन तेथें वर्ग."

आणि खरोखर तसंच झालं. त्या फुलबाजारात असत, रेशनच्या रांगेत असत, रसमला फोडणी देत असत. फोन वाजला की वर्ग सुरू. औषधकंपनीचा एक फिरता विक्रेता दवाखान्याबाहेर डॉक्टरांची वाट बघत क्रियापदं चालवायचा. "चूक कर, पण मोठ्यानं कर," हे अक्कांचं ठरलेलं वाक्य. "पुटपुटलास तर मी काय सुधारूं? मला ऐकूंच येत नाही!"

मलाही त्यांनी सोडलं नाही. मी जन्मानं मराठी, घरात मराठी बोलणारी, पण लिहिता-वाचता येत होतं ते तमिळ आणि इंग्रजी. देवनागरी माझ्या लेखी नक्षी होती. मी ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत कामाला होते. रोजचा बसप्रवास. "बसमध्यें काय करतेस?" अक्कांनी विचारलं. "झोपते," मी म्हटलं. मीही नुकताच मोबाइल घेतला होता; दुसऱ्या दिवसापासून झोप गेली. त्या फोनवरून अक्षरं सांगत आणि मी मांडीवर कागद ठेवून काढत असे. "वरती आडवी रेघ. मध्यें काठी. डाव्या हाताला पोट दे, उजव्या हाताला हत्तीची सोंड सोड. काय झालं?" "हत्ती झाला, अक्का." "हत्ती नव्हे गं, क झाला, क!" घरी आल्यावर कागद दाखवायचा आणि दोघींनी पोट धरून हसायचं. आज मी हे जे लिहिते आहे ते त्या हालत्या बसमधल्या हत्तीमुळे.

पण अक्कांची सर्वांत जिद्दी विद्यार्थिनी सेल्वी. ओरत्तनाडूजवळच्या खेड्यातली. नवरा मुरुगेसन सैन्यात, वर जबलपूरला. तिथे राहायला घर मिळणार होतं, म्हणून ती हिंदी शिकायला आली. महिनाभर आली आणि सासूचा हात मोडला. घर, गाई, सगळं तिच्या गळ्यात पडलं. ती रडत सांगायला आली, तर अक्का म्हणाल्या, "तुमच्याकडे फोन कुठं आहे?" शेजारच्या किराणा दुकानात नाणं टाकायचा फोन होता. बस्स. सेल्वी गाईंना पाणी दाखवून आणायची, दुकानाच्या खांबाला बांधायची आणि फोन फिरवायची. अक्का 'गाय' म्हणाल्या की पलीकडून हंबरण्याचा आवाज यायचा. दुकानदारालाही थोडीफार हिंदी यायला लागली, असं सेल्वी सांगायची.

मग एके दिवशी बातमी आली. सैन्याची गाडी उलटली होती आणि मुरुगेसनच्या पायावरून लोखंडी सामान गेलं होतं. तो लष्करी इस्पितळात होता. सेल्वी सासऱ्यांना घेऊन निघाली. सासऱ्यांना तमिळशिवाय काही येत नव्हतं. मी माझा मोबाइल तिच्या हातात दिला. अक्का स्टेशनवर तिला म्हणाल्या, "वाटेत जे दिसेल ते विचार. मी आहे."

दोन रात्रींचा प्रवास. ती चहावाल्याशी बोलली की अक्कांना कळवी, तिकीट तपासनीसाशी बोलली की कळवी. अक्का फोन उशाशी, मोरीच्या दाराशी, देवघरात, सगळीकडे घेऊन फिरत होत्या.

तिचा तो फोन आला तेव्हा आम्ही दोघी भाजीबाजारात होतो. अक्का वांगी निवडत होत्या. त्या फोनमधून पलीकडचं बोलणं बाजूच्याला सहज ऐकू येई. सेल्वी भराभर बोलत होती. "टीचर, डॉक्टर काहीतरी पायाचं सांगतायत. कापायचा म्हणतायत का, मला कळत नाही. मी त्यांना फोन देते. तुम्ही बोला, टीचर. तुम्हीच बोला."

अक्कांच्या हातातलं वांगं तसंच राहिलं. क्षणभर मला वाटलं, त्या हो म्हणणार. मीही म्हटलं, "अक्का, बोला की!"

त्यांनी मान हलवली. फोनमध्ये अगदी हळू, मी कधी ऐकल्या नव्हत्या इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, "सेल्वी, आज मी बोलेन. उद्या? परवा? नवरा तुझा आहे, तिथं रोज तुलाच विचारावं लागणार. तू विचार. फोन बंद करू नकोस. अडलीस तर मी आहे."

भाजीवाली तराजू धरून थांबली होती. मग सेल्वीचा आवाज आला, चिरका पण मोठा, चांगलाच मोठा:

"डॉक्टर साहब! इनकी पैर बचेगी क्या?"

आणि लगेच एक जड, शांत पुरुषी आवाज. "बचेगा, बेटी. ज़रूर बचेगा. ऑपरेशन करना है, पैर नहीं काटना है."

"पैर नहीं काटना है," सेल्वी प्रत्येक शब्द चाचपत म्हणाली. मग तमिळमध्ये किंचाळली, "कापायचा नाही! टीचर, कापायचा नाही!"

अक्कांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "ऐकलं गं. पण 'इनका पैर बचेगा'. पैर पुल्लिंगी."

भाजीवालीनं त्या दिवशी वांग्यांवर कोथिंबिरीची भलीमोठी जुडी टाकली. कशाबद्दल, ते तिलाही सांगता आलं नसतं.

ऑपरेशन झालं, पाय वाचला. सेल्वी तिथेच राहिली. आधी इस्पितळाजवळ, मग मिळालेल्या घरात. तिचे फोन कमी होत गेले. एकदा आठवडाभर आला नाही तेव्हा मी विचारलं, "अक्का, काळजी नाही वाटत?" त्या खूष होत्या. "तिला माझं काम उरलं नाही. याहून काय होणा?"

सेल्वीनं मात्र एक परतफेड केली. इस्पितळातल्या मलयाळी नर्सशी, लिसीशी, तिनं अक्कांची फोनवर ओळख करून दिली. अक्कांनी पहिल्याच दिवशी तिला विचारलं, "मला मलयाळम शिकवशील?" सत्तरी उलटलेली बाई! लिसी ड्यूटी संपवून खोलीकडे चालत जाताना फोन करायची आणि तंजावरच्या गल्लीत अक्का ओट्यावर बसून घोकायच्या. तमिळ आणि मलयाळम शेजारच्या भाषा, म्हणून त्यांना वाटायचं आपल्याला येतेच. मग तमिळ शब्द मध्ये घुसायचे, लिसी हसायची, अक्का तिच्याहून जोरात हसायच्या. बाहेरून जाणाऱ्यांना वाटे, म्हातारीला लॉटरी लागली.

काही वर्षांनी छातीच्या दुखण्यानं त्यांना आमच्या इथल्याच एका इस्पितळात ठेवलं. मुलगा आला होता, मी कचेरीतून सरळ तिकडे जायची. वॉर्डातली एक तरुण नर्स केरळची निघाली. अक्कांना तर पर्वणीच. सलाइन लावतानाही वाक्यं चालू. थकवा होता, धाप लागे, पण तिची ड्यूटी सुरू झाली की अक्कांचे डोळे चमकत.

शेवटच्या संध्याकाळी ती ड्यूटी संपवून निघाली. दारातून तिनं हात हलवला. अक्का उशीवरून मान उचलून म्हणाल्या, "नाळैक्कु काणाम."

उद्या भेटू, असं म्हणायचं होतं. पण पहिला शब्द तमिळ होता. ती पोरगी परत आली, पलंगाशी वाकली आणि आजीला हाक मारावी तशा लाडानं म्हणाली, "नाळैक्कु नाही, अम्मच्ची. नाळे. नाळे काणाम."

अक्कांनी श्वास घेतला आणि होता तेवढा सगळा आवाज काढून म्हणाल्या, "नाळे काणाम!"

समोरच्या पलंगावरच्या बाई दचकून उठल्या. नर्स टाळ्या वाजवत गेली. अक्का माझ्याकडे वळल्या, पहिला नंबर आलेल्या मुलीसारखं हसल्या आणि डोळे मिटून पडून राहिल्या. पहाटे त्या गेल्या. मुलगा सांगत होता, झोपेतही ओठ हलत होते.